एका मानधनात दोघी

आमच्या शाळेचं कागदावरचं नाव एका ओळीत मावत नाही. पण कळंबच्या अलीकडे कालव्याच्या पुलावर उभं राहून कुणालाही "गुरुजींची शाळा कुठं?" असं विचारलं, की तो हात लांब करून उसाच्या पलीकडे दाखवतो. गुरुजी म्हणजे मोहनराव, आमचे मुख्याध्यापक. मीही याच शाळेत आहे, बारामतीहून रोज स्कूटीवर येते, पोरांना लिहायला-वाचायला मीच लावते; पण 'रोहिणी मॅडमची शाळा' असं अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मला त्याचा राग नाही. थोडा आहे, पण तो विषय वेगळा.

मोहनराव मूळचे बावड्याचे. अंगात पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग, आणि बुडाखाली एक मोटारसायकल, जी दर चढाला खोकायची पण शाळेला कधी उशीर करायची नाही. आमच्या शाळेत दोन खोल्या. त्यातली एक धोकादायक ठरवून तालुक्याहून आलेल्या लोकांनी तिच्या दारावर तांबड्या रंगात 'वापरू नये' असं लिहिलं. लिहायला रंग मिळाला, बांधायला पैसे मिळाले नाहीत. मग चार वर्ग उरलेल्या एका खोलीत आणि व्हरांड्यात. पहिली-दुसरी माझ्याकडे आत, तिसरी-चौथी गुरुजींकडे बाहेर. मी आत पाढे घ्यायला लागले की बाहेरची पोरं इतिहास सोडून पाढे म्हणायची, आणि गुरुजी शांतपणे म्हणायचे, "म्हणा, म्हणा, तेही उपयोगी पडतंय."

या माणसाचा एक शब्द होता: बसवू. वर्षाला शाळेला जे काही पैसे येतात त्यात खडू, झाडू, वीज, नळ, सगळं भागवायचं असतं. ते भागत नाही हे सरकारलाही ठाऊक असतं. वीज तोडायला माणूस आला की गुरुजी त्याला चहा पाजून म्हणायचे, "थांबा हो, बसवू." पत्रा उडाला, बसवू. मला डाळजच्या शाळेवर तात्पुरतं पाठवलं आणि चारी वर्ग त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडले, तेव्हाही बसवू. मी चिडायचे. "गुरुजी, तुम्ही सगळं बसवता म्हणून वरचे लोक काही पाठवत नाहीत," असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ते हसायचे. त्यांना माझं बोलणं लागायचं नाही, हाच त्यांचा मोठा दोष होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या शाळेत दुपारचं जेवण शिजतं. सरकारी भाषेत पोषण आहार, पोरांच्या भाषेत खिचडी. ते शिजवायला दोन बाया होत्या, शकुबाई आणि सारजा. नियम असा, की पट पंचवीसच्या वर असला तर दोन बाया, खाली आला तर एक. आणि पट मोजायचा सप्टेंबर संपताना.

इथंच सगळी मेख आहे. सप्टेंबरात आमच्या वस्तीवर काय असतं? बागायतदारांची पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेला जातात, टाय लावून. उरतात ती गडीमाणसांची, शेळ्यावाल्यांची. पट दरवर्षी घसरत होता. पण दिवाळी झाली, कारखान्याची धुराडी पेटली, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कालव्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि त्यांची पोरं शाळेत येतात. शाळा दुपटीनं भरते. व्हरांडा पुरत नाही, लिंबाखाली बसवावं लागतं. ती पोरं खिचडी मनापासून खातात, कारण सकाळी त्यांचे आईबाप अंधारातच फडावर गेलेले असतात. पण मोजणी होऊन गेलेली असते. मोजायला आले तेव्हा ही पोरं नव्हती, म्हणून ती नाहीतच.

एका वर्षी व्हायचं तेच झालं. पट खाली आला आणि तालुक्याच्या ऑफिसातून निरोप आला: यापुढे एकच बाई.

त्या दिवशी गुरुजींनी दोघींना खोलीबाहेर बोलावलं. मी आत फळा पुसत होते, पण कान बाहेरच होते.

"एकीलाच ठेवता येतंय म्हणतात," गुरुजी म्हणाले.

शकुबाई वस्तीवरची जुनी विधवा. दात गेलेले, जीभ शाबूत. ती म्हणाली, "मग मला काढा. माझं किती राह्यलंय? सारजाला पोरगी हाय."

"अक्का, तुला कोन हाय?" सारजा म्हणाली. "माझं हातपाय धड हायती. मी खुरपायला जाईन."

सारजाबद्दल सांगायला हवं. ती बीडकडची. नवऱ्याबरोबर टोळीतून ऊस तोडायला आली होती. एका हंगामाच्या शेवटी नवरा मुकादमाकडून उचल घेऊन निघून गेला तो परत फिरकलाच नाही. टोळी गावाकडे निघाली तेव्हा ही कडेवर तान्ही पोर घेऊन रिकाम्या कोपीत बसून राहिली. शकुबाईनं तिला आपल्या झोपडीवजा सपरात आणलं. गुरांच्या जागेला तुरकाठ्यांचा कूड घातला आणि म्हणाली, "ऱ्हा हितं." त्यानंतर ती राहिलीच. ती पोर म्हणजे सुप्रिया. सुप्रिया आमच्याच शाळेत शिकली, पुढे कळंबला, आणि मग बारामतीला नर्सिंगला गेली. सारजा कुणालाही सांगताना "मी शाळेत कामाला हाय" असं म्हणायची. खिचडी शिजवते असं नाही, शाळेत कामाला हाय. गुरुजींनी तिला सही शिकवली होती. ती सही करताना जीभ बाहेर काढायची आणि मला तिचं फार हसू यायचं.

तर त्या दिवशी कुणी कुणाला काढेना. शेवटी शकुबाईनंच तोडगा काढला. "गुरुजी, कालव्याच्या पान्याला पाळी असती का न्हाय? तशी नावाला लावा. औंदा माझं नाव, फुडल्या साली हिचं. येनार दोघी बी. पैसं आलं की निम्मं निम्मं."

मी बाहेर आले आणि म्हटलं, "गुरुजी, हे नियमात बसत नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. म्हणाले, "बसवू."

आणि बसलं की! वर्षानुवर्षं चाललं. इथल्या लोकांना पाळीचं काही वाटत नाही. विहिरीचं पाणी, बैलजोडी, देवळातली पूजा, सगळं भावकीत पाळीनंच चालतं. मानधन यायचं ते कसलं, एका बाईचा किराणा निघणार नाही इतकं, आणि तेही चार-चार महिने तुंबून. आलं की जिच्या नावावर असेल ती बँकेतून काढून आणायची आणि गुरुजींच्या समोर दुसरीच्या हातावर निम्मं ठेवायची. कधी भांडण झालं नाही. उलट ज्या वर्षी नाव नसेल त्या वर्षी ती बाई जरा जास्तच राबायची, कुणी काही म्हणू नये म्हणून. तपासणीला साहेब आले की बिननावाची बाई पदर खोचून लिंबाखाली पालक म्हणून बसायची, आणि साहेब गेले की उठून भांडी घासायची. मला हे पटत नव्हतं. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, हे खरं.

मागच्या जूनमध्ये पाळी सारजाची होती.

त्याच वर्षी वरून नवी पद्धत आली. बाईचं आधार, बँकेचं खातं, पत्ता, सगळं एकमेकांशी जुळलं तरच नाव चढणार. सारजाच्या आधारवर बीडकडच्या गावाचा पत्ता आणि पळून गेलेल्या नवऱ्याचं नाव. ते बदलायला इंदापूरला दोन-चार खेपा माराव्या लागणार होत्या. गुरुजींचं ते शेवटचं वर्ष. पेन्शनची कागदपत्रं, धोकादायक खोलीचा पाठपुरावा, वर निवडणुकीच्या याद्या. ते तिला म्हणाले, "सारजा, यंदा शकुबाईचंच राहू दे. दिवाळी झाली की बसवू तुझं."

"घाई न्हाय गुरुजी. अक्का देतीच की निम्मं."

एवढंच झालं. याच्यात कुणाची लबाडी नव्हती, कुणाचा लोभ नव्हता. कंटाळलेल्या माणसानं एक काम पुढे ढकललं. आपण सगळेच ढकलतो.

आमचं स्वयंपाकाचं शेड म्हणजे तीन बाजूंना पत्रे आणि वर एक. काळी जमीन, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. खालची फरशी एका अंगाला खचली होती. गुरुजींनी दुरुस्तीसाठी किती वेळा लिहिलं हे मी सांगत बसत नाही. उत्तर एकच यायचं, निधी नाही, आणि आला तर आधी मोठ्या पटाच्या शाळांना. मग गुरुजींनी खचलेल्या बाजूला शेगडीच्या पायाखाली वीट घातली. हलवून पाहिली. हलली नाही.

जानेवारीत कोप्यांची पोरं भरून आलेली होती. नेहमीचं पातेलं पुरेना म्हणून देवळातलं मोठं पातेलं आणलं होतं. शकुबाई टाकीवर पाणी भरायला गेली होती. मी पोरांची रांग लावून शेडच्या दारात उभी होते, हातात ताटल्या घेऊन. सारजा खिचडी ढवळत होती. वीट फुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. शेगडी कलली आणि पातेलं दाराकडे यायला लागलं. दारात पोरं होती. सारजानं ते दोन्ही हातांनी धरून आपल्या अंगावर ओढलं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला कुणी सांगितलेलं नाही. एकाही पोराला थेंब लागला नाही.

ट्रॅक्टरवाल्याच्या जीपमधून तिला बारामतीला नेलं. वाटेत ती ओरडली नाही, फक्त "पोरं? पोरं?" एवढंच विचारत राहिली. सुप्रिया कॉलेजातून तशीच गणवेशात धावत आली. तिनं आईवरची चादर बाजूला केली, एकदा पाहिलं आणि परत झाकली. मला म्हणाली, "मॅडम, कमरेखालचं सगळं गेलंय." डॉक्टर काही बोलायच्या आत त्या पोरीला कळलं होतं. शिकली होती ना ती. तेव्हा मला तिच्या शिक्षणाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. भाजलेल्या माणसाचा जबाब घ्यावाच लागतो. हवालदार साधा माणूस होता, खुर्ची ओढून तिच्या कानाशी बसला. मी आणि सुप्रिया पायथ्याशी उभ्या होतो. गुरुजी खाली औषधं आणायला गेले होते.

"बाई, शाळेत तुम्ही काय काम करता?"

सारजानं डोळे उघडले. अगदी हळू पण स्पष्ट बोलली, "मी कामाला न्हाय तितं. तितं शकुबाई हाय. मी पानी प्यायला गेलते. माझाच पदर अडकला आन् पातेलं कललं. कुनाचा दोष न्हाय."

सुप्रिया "आई!" म्हणून पुढे झाली. सारजानं मान हलवली, नको म्हणून. हवालदारानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. सही करायला हात नव्हते, दोन्ही पट्ट्यांत गुंडाळलेले. अंगठाही घेता आला नाही. डॉक्टरांनी शेरा मारला.

तो गेल्यावर सारजा मला म्हणाली, "बराबर सांगितलं न्हवं म्याडम? गुरुजी औंदा रिटायर हायती. त्यांच्या पेन्शनीला काय लागाय नको. आन् अक्काचं नाव बी जायला नको."

मी हो म्हटलं. मरणाच्या दारात पडलेल्या बाईशी कोण वाद घालणार? बाहेर येऊन मी भिंतीला कपाळ टेकवून रडले. मग गुरुजी जिन्यानं वर आले, त्यांना सांगितलं. ते पिशवीतल्या बाटल्यांसकट तिथंच पायरीवर बसले. येणारी-जाणारी माणसं त्यांना ओलांडून जात होती.

पुढच्या आठवड्यात सारजा गेली.

तेराव्याला आम्ही शकुबाईच्या सपरात बसलो होतो. कामावर असताना बाईला काही झालं तर घरच्यांना सरकारकडून मदत मिळते, हे गुरुजींनी शोधून ठेवलं होतं. त्या मदतीतून सुप्रियाची नर्सिंगची राहिलेली वर्षं निघाली असती. आता सगळा प्रश्न तेवढाच उरला होता. पण मदत नाव असलेल्या बाईला. आणि नाव शकुबाईचं.

शकुबाई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "गुरुजी, मग असं करा. कागदावर मला मारा."

आम्हाला कळेना.

"शकुबाई मेली म्हनून लिवा. माझं नाव हाय न्हवं तितं? मग मीच भाजले, मीच मेले. मला काय करायचंय जिवंत राहून? पैसं पोरीला द्या."

कुणाला तरी हसू आलं, आणि ते हसू तोंडातच राहिलं, कारण म्हातारी खरंच म्हणत होती. गुरुजींनी तिला समजावून सांगितलं, की शकुबाई, तुम्ही मेलात तर पैसे तुमच्या वारसाला जातील, सुप्रिया तुमची कोण लागते ते कागदाला कळत नाही. म्हातारीनं सुप्रियाला जवळ ओढून विचारलं, "मी हिची कोन लागत न्हाय?"

मग चौकशी झाली. तालुक्याहून एक विस्तार अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. शेड पाहून त्यांनी मान खाली घातली. नंतर गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, बाई वस्तीवरची होती, पाणी प्यायला आत आली, एवढं लिहा. तिचा स्वतःचा जबाबही तसाच आहे. तुमचे चार महिने राहिलेत."

गुरुजींनी दोन पानं लिहिली. सारजा कामाला होती, कधीपासून होती, पाळी कशी ठरली, कुणी ठरवली, जूनमध्ये नाव का चढलं नाही, वीट कुणी घातली. सगळं. खाली सही केली. मी शेजारी उभी होते, मीही साक्षीदार म्हणून सही केली. त्या दिवशी मला गुरुजींचा अभिमान वाटला, हे मोकळेपणानं सांगते. म्हटलं, आता यांना शिक्षा होईल, पेन्शन अडकेल, पण पोरीला काहीतरी मिळेल.

काहीच झालं नाही. मयत बाईनं शुद्धीत असताना दिलेला जबाब खरा धरला गेला. मरणारं माणूस खोटं कशाला बोलेल? मुख्याध्यापक भावनेच्या भरात लिहितायत असं ठरलं. सारजाचं शाळेशी काही नातं नव्हतं, सबब मदत नाही. गुरुजींना एक कागद आला: बाहेरच्या व्यक्तींना स्वयंपाकाच्या जागी येऊ देऊ नये, यापुढे दक्षता घ्यावी. आणि शेडच्या फरशीला मात्र महिन्याभरात पैसे मंजूर झाले.

तो कागद वाचून गुरुजी मला म्हणाले, "मॅडम, निदान शिक्षा तरी द्यायची होती हो त्यांनी." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. पोरांनी पाढे चुकवले तरी काही म्हणायचे नाहीत. व्हरांड्यात खुर्ची शेडकडे पाठ करून ठेवायचे. मी एकदा रागानं म्हटलं, "गुरुजी, तुम्ही मुद्दाम काही केलं नाही, किती दिवस असं बसणार?" तर म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर माफी मागता आली असती."

एप्रिलच्या शेवटी शाळेच्या समितीची बैठक होती, गुरुजींची शेवटची. विषय एकच, पुढच्या वर्षाची स्वयंपाकाची बाई. शकुबाईनं आता जमत नाही म्हणून सांगितलं होतं. समितीचे अध्यक्ष इंद्रजित, टोमॅटोवाले बागायतदार, आणि इतर चार पालक व्हरांड्यात सतरंजीवर बसले होते. तेवढ्यात सुप्रिया आली. बरोबर काठी टेकत शकुबाई.

"गुरुजी, ती जागा मला द्या," सुप्रिया म्हणाली.

गुरुजी तटकन उभे राहिले. "तुझी परीक्षा आहे. नर्स व्हायचंय तुला."

"फी भरली न्हाय. हॉस्टेल सोडलं. अक्काला दिसत न्हाय आता नीट, तिला कोन बघनार?"

"मी भरतो फी. पेन्शन सुरू झाली की..."

"नको."

"अगं, तुझ्या आईला..."

"आई हितं कामाला नव्हती म्हनत्यात," सुप्रिया म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी तरी लागते. आधार माझं बरोबर हाय, हितलाच पत्ता हाय. खातं हाय. माझं नाव आजच लिवा, पाळी-बिळी नको. मी निम्मं कुनाला देनार न्हाय आन् कुनाचं घेनार न्हाय."

इंद्रजितनं घसा खाकरला. समितीला काही हरकत नव्हती, असायचं कारणही नव्हतं. शिकलेली पोरगी, वस्तीवरची, आणखी काय पाहिजे? मी गुरुजींकडे पाहत होते, की आता हे नाही म्हणतील, काहीतरी करतील. माझ्या स्वतःच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता, कारण तिच्या फीचे आकडे मला ठाऊक होते आणि माझ्या घराचे हप्तेही.

गुरुजी खाली बसले. ठरावाच्या वहीत त्यांनी तिचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. मधल्या नावाच्या जागी बापाचं नाव लिहायचं असतं. ते थांबले, तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सारजा लिवा." त्यांनी सारजा लिहिलं. समितीच्या लोकांनी सह्या केल्या. गुरुजींची राहिली होती. त्यांनी पेन धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सुप्रिया," ते म्हणाले, "तुझा राग आहे ना माझ्यावर? बोल पोरी. एकदा बोलून टाक."

तिनं शकुबाईला सतरंजीच्या कडेला नीट बसवलं, तिची काठी बाजूला ठेवली, आणि मग त्यांच्याकडे वळली.

"राग कशाचा, गुरुजी? तुमी लई चांगलं मानूस. तुमच्यागत मानूस म्या पाह्यला न्हाय. तुमी थोडं कमी चांगलं असता, तर एकच बाई ठेवा म्हनून निरोप आला त्याच दिवशी आईला घालवली असती. ती खुरपायला गेली असती. आज जिती असती."

वस्तीवरची पोरं दूर कुठंतरी ओरडत खेळत होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहून हळूच मान डोलावली, बरोबर उत्तर दिलेल्या पोराकडे पाहून डोलावायचे तशी, आणि सही केली.